बायच्या पोटातली वस्ती

इस्पितळातून सोडताना त्यांनी आम्हाला अकरा पानं दिली. अकराच्या अकरा इंग्रजीत. मूल आमचं, दिलेल्या पेशी माझ्या दादाच्या, घर पेडण्यातलं, चूल वयनीची, आणि त्या चुलीवर काय शिजवायचं ते सांगणारा कागद अशा भाषेत, जी वयनीला बसच्या पाटीपुरती वाचता येते. मी काउंटरवर विचारलं, मराठीत नाही का? तिथल्या माणसाने असं बघितलं की जणू मी इस्पितळाची इमारत मागितली. कन्नडमध्ये पण नाही, मॅडम, तो म्हणाला. म्हणजे अन्याय सर्वांवर समान, झालं समाधान!

बाय म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी, सहा वर्षांची. तिच्या हाडांनी रक्त बनवणं बंद केलं होतं. दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्याशिवाय ती वाचणार नव्हती. दादाच्या अर्ध्या जुळल्या. मोठमोठ्या औषधांनी आधी तिच्या हाडांतली जुनी मज्जा संपवली आणि मग दादाच्या रक्तातून काढलेली एक छोटीशी पिशवी तिच्या छातीतल्या नळीतून आत सोडली. तासाभराचं काम. वाट बघायची ती त्यानंतर. आम्ही त्या लांबच्या शहरात इस्पितळाजवळ एका खोलीत तीन महिने काढले आणि मग गाडीच्या काचा बंद करून बायला घरी आणलं.

त्या गाडीत मी पहिली चार पानं मराठीत उतरवली. ताप कसा मोजायचा, किती झाला की धावायचं, नळीला पाणी लागू द्यायचं नाही, पिण्याचं पाणी किती वेळ उकळायचं. मग घाट लागला, मला मळमळायला लागलं आणि खाण्याचं पान राहून गेलं. ते मी वयनीला तोंडी सांगितलं. कच्चं नको, उघड्यावरचं नको, दही-ताक नको. तिने मान हलवली. ती खिडकीतून घाट बघत होती, मांडीवर बायचं डोकं होतं. पंचायतीपासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना 'लेखी द्या' म्हणून दरडावणारी मी. घरात मात्र तोंडी कारभार.

आता मी काय करून ठेवलं होतं ते सांगते, कारण ते आधीच करून ठेवलं होतं.

त्या शहरात बायला जुलाब थांबत नव्हते. दिवसात दहा-दहा वेळा. वयनी प्रत्येक वेळी रंग, पातळपणा, वेळ वहीत लिहायची. मी एकदा तिथल्या डॉक्टरांना गाठलं. रक्त वाढतंय म्हणता, मग पोट का बरं होत नाही? तो माणूस भला होता. मोडक्या हिंदीत, हातमोज्यांच्या खोक्यावर पेनाने आतड्याचं वेटोळं काढून त्याने मला समजावलं. माणसाच्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. एक वस्तीच म्हणा. बायला दिलेल्या औषधांनी मज्जेबरोबर आतड्याचं अस्तरही सोलून निघालं आणि मागोमाग दिलेल्या अँटिबायोटिकनी ती वस्ती उठवली. ही वस्ती नुसती बसून खात नाही. नवीन रक्तपेशींना ती शिकवते, कुणावर धावून जायचं आणि कुणाला सोडायचं. वस्ती नीट बसली तर मुलाची प्रतिकारशक्तीही नीट बसते असं दिसतंय. अजून सगळं कळलेलं नाही, असंही तो म्हणाला.

"मग दही द्या की," मी म्हटलं.

"अभी नहीं. पहले दीवार," तो म्हणाला, आणि त्या वेटोळ्याची कड पेनाने पुसट करून दाखवली. आतड्याला आत्ता भिंतच नाही. जे जिवंत आत जाईल ते तिथे राहणार नाही, सरळ रक्तात उतरेल. आणि रक्तात त्याला अडवणारी फौज अजून उभी नाही.

मी सगळं लिहून घेतलं. भिंतीचंही लिहून घेतलं. वही माझ्याकडे आहे, मला पळवाट नाही.

डिचोलीतल्या ज्या गटात मी काम करते, तिथे मी पत्रक लिहायला शिकले. एक पान, एकाच बाजूला मजकूर, मोठा मथळा, तीन-चार वाक्यं. आम्हाला शिकवणारा म्हातारा कार्यकर्ता सांगायचा की पत्रकात 'पण' घालायचा नाही. 'पण' आला की वाचणारा कागद दुमडून खिशात टाकतो. तेव्हा आम्ही शाळांच्या दारात विकल्या जाणाऱ्या तळलेल्या-रंगवलेल्या खाऊच्या पाकिटांविरुद्ध लढत होतो. तोंड पाडून इस्पितळाजवळच्या त्या खोलीत बसण्यापेक्षा हाताला काहीतरी हवं होतं, आणि मला तर आयता मुद्दा मिळाला होता. मी एका दुपारी मोबाइलवर पत्रक लिहिलं. मथळा: 'पोटातली फौज वाचवा!' खाली: आमच्या वाडवडलांचं ताक, शिळी पेज, चेपणीतली तोरं, हेच आमच्या मुलांचं संरक्षण. औषधं ही फौज मारतात, आमचं जेवण ती उभी करतं.

शेवटी मी एक ओळ टाकली होती. आजारी मुलांना, मोठी औषधं चालू असलेल्या मुलांना यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मग ती काढली. जागा नव्हती असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जागा होती. एक बोट जागा होती. ओळीमुळे पत्रक मऊ पडत होतं, म्हणून काढली. साखळी गावच्या छापखान्यात ते छापलं गेलं आणि आम्ही घरी पोचायच्या आत पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या घराघरांत पोचलं.

आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला पेजेची वेळ असते. उकड्या तांदळाची पेज, सोबत चेपणीतलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने दाबून ठेवलेली कैरी. कामावर असो की घरी, पेज चुकत नाही. आजारी माणसाला तर पहिली पेजच. बायला ताजी, उकळती, निवळ पेज चालत होती, ती बाय दोन घोटांत बाजूला सारायची. तोंडाला चव नाही. हात काड्यांसारखे. औषधांनी गाल मात्र फुगलेले, त्यामुळे बघायला येणाऱ्यांना ती बाळसेदार वाटायची आणि वयनीला ते ऐकून घ्यावं लागायचं.

बघायला येणारे! मी गेटला कडी घालून ठेवली होती तरी येत होते. अबोलीच्या वेण्या, देवाचं तीर्थ, शेतातल्या काकड्या, शिंकणारी नातवंडं. पंचायतीतले चौघे शाल आणि फोटो काढणारा माणूस घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, शाल नको, नळाला चिखलाचं पाणी येतं ते बंद करा. ते फोटो न काढता गेले आणि गावभर मी उद्धट ठरले. ठरू दे.

शेजारची काकी मात्र रोज येऊन गेटवर उभी राहायची. बचत गटाची प्रमुख ती. घरात दोन म्हशी, गटाची चेपणी तीच घालते, आणि माझ्या पत्रकाचे दोन गठ्ठे तिनेच वाटले होते.

"गो, पोरीक बघूक पण देणस नाय? आमी काय रोग घेवन फिरतंव?"

"फिरतंव, काकी. सगळेच फिरतंव."

"मोठी डॉक्टरीण इली! तुझ्या बापाशीक मी ह्या हातान पेज भरवलंय, मेलो नाय तो."

वयनी आतून हसायची. त्या घरात तेवढंच हसू होतं, म्हणून मी काकीला पुरतं हाकललं नाही.

एका सकाळी मी मीटिंगला निघताना बायच्या खाटेखाली एक फुलपात्र बघितलं. तळाला पांढरा थर. मी वयनीला विचारलं, काय गो ह्या? ती म्हणाली, पेजेची निवळ. निवळ वाळली की चकाकते, हा थर चकाकत नव्हता. मला ते दिसलं. पण बस सुटत होती, आणि मीटिंगमध्ये मला बोलायचं होतं.

चार दिवसांनी पेजेच्या वेळेलाच बायला ताप भरला. पहिल्या चार पानांत लिहिल्याप्रमाणे आम्ही धावलो. गाडीत बाय थरथरत होती आणि दात वाजताहेत म्हणून तिला स्वतःलाच गंमत वाटत होती. "आत्ये, बघ, मशीन," असं म्हणून तिने माझा हात आपल्या हनुवटीला लावला. आमच्याकडच्या मोठ्या इस्पितळात तासाभराच्या आत औषध सुरू झालं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी नळीतून आणि हातातून रक्त काढून तपासायला पाठवलं, त्या लांबच्या शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला, आणि इथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी नेमका प्रश्न विचारला.

"बाहेरचं काही? दही, ताक, पोटासाठी म्हणून मिळतात त्या पुड्या, कॅप्सूल?"

"नाय," वयनी म्हणाली. एवढ्या झटकन म्हणाली की मी तिच्याकडे बघितलं आणि तिने पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. बाय आता गंमत करत नव्हती. रक्ताच्या नमुन्यात काहीतरी वाढत होतं. काडीसारखा जंतू दिसतोय, डॉक्टर म्हणाल्या, पण असा जंतू कातडीवरूनही येतो, नमुना घेताना मिसळला असेल, सांगता येत नाही. औषध तेच चालू ठेवलंय, बघू.

बघू! मी वयनीचा दंड धरून तिला जिन्याजवळ नेलं.

"वयनी, खरां सांग. ताक दिलंस?"

तिने भिंतीकडे तोंड करून पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मला उघडायची गरज नव्हती. मथळ्याचा जाड काळा टाइप मागून उमटलेला दिसत होता.

"ह्यो तुझोच कागद मां? तुझ्याच कागदार लिवलेला आसा. ताक. फौज. मी माझ्या मनान काय एक करूक नाय."

"मी तुका सांगलेलंय गाडीत. दही-ताक नको म्हणान."

"तोंडान सांगलंस. छापलंस वेगळा."

मी तो कागद माझ्या पिशवीत कोंबला.

"पोरगी खाय नाय," ती म्हणाली. "रोज वहीत काय लिवचा? पाणी, पाणी, पाणी. काकीन सांगल्यान, तुमच्या घरच्या चेडवानच लिवलेला आसा. माका वाटला, तुका म्हायत आसा. तू त्या डॉक्टराक इचारलंलंस. ह्यांका सांगू नको. त्यांनी आपला रगत दिल्यानी, आणि मी ताक दिलंय."

तिला गप्प राहायचं होतं. मला राग आला तो तिच्यावर नाही. मला त्या अकरा पानांचा राग आला, काकीच्या म्हशींचा, कातडी की ताक हे न सांगणाऱ्या प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राचा. तो सगळा राग घेऊन मी डॉक्टरांच्या टेबलापुढे उभी राहिले आणि बोलायला लागले. चूक माझी आहे. मी एक पत्रक काढलं होतं. आमचा एक गट आहे, आम्ही शाळेच्या दारातल्या पाकिटांविरुद्ध, त्यात मी एक ओळ मुद्दाम गाळली...

डॉक्टरांनी हात वर केला. "ते राहू दे. काय दिलं? किती दिवस? किती? घरचं विरजण की विकतचं? शेवटचं कधी?"

मला यातलं एकही माहीत नव्हतं. कबुलीजबाब एवढा मोठा, आणि त्यात मुलीला उपयोगी पडेल असा एक शब्द नाही. माझं सगळं भाषण माझ्याबद्दलच होतं.

"बारा दीस," मागून वयनी म्हणाली. ती कधी आत आली मला कळलं नाही. वही तिच्या हातात उघडी होती. "सकाळच्या पेजेच्या जाग्यार. अर्धा फुलपात्र. शेजारच्या काकीच्या घरचा विरजण, म्हशीचा दूध, तापवलेला. शेवटचा दिलंय, ताप येवच्या आदल्या दिसा. दोन दीस तिणा वोकून टाकल्यान, ते पण हय लिवलेले आसत."

डॉक्टरांनी वही हातात घेतली, पानं उलटली, फोन उचलला. जे औषध आम्ही देतोय ते दह्यातल्या जंतूंना बहुतेक लागतच नाही, त्या म्हणाल्या, बदलूया. प्रयोगशाळेला सांगितलं की हा नमुना कातडीवरचा समजून टाकू नका. पाच मिनिटांत झालं. वयनीला त्या एवढंच म्हणाल्या, "वही छान ठेवलीय." वयनी रडली ती त्या वाक्याला.

दादा तुयेच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी संपवून, अंगावर कारखान्याचा शर्ट तसाच, संध्याकाळी आला. त्याच्यासाठी मी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. वयनीने मला चहा आणायला पाठवलं आणि त्याला स्वतः सांगितलं. मी चहाचे कप घेऊन लांब उभी होते. तो बाकावर बसला आणि तिच्या वहीतली त्या बारा दिवसांची पानं एकेक करून वाचली. माझ्याकडे आला तेव्हा आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या कागदार तां लिवलेला, तां बायच्याच पोटातला मां? आमकां इचारलंस?"

नव्हतं विचारलं. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्या जुलाबांतून मी मथळा काढला होता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. पुढे प्रयोगशाळेने सांगितलं की तो दह्याच्या जातकुळीतलाच जंतू. निरोगी माणूस तो रोज खातो आणि त्याला काही होत नाही. तो ताकातूनच आला असं शंभर टक्के म्हणता येणार नाही, डॉक्टर म्हणाल्या, त्यातले काही आतड्यातही असतात. मी ती फट धरून बसले नाही. मुलगी बरी होत होती म्हणून मला अशी ऐट करता येते, हेही मला माहीत आहे.

मी पत्रकं परत गोळा करायला निघाले. गटातले म्हणाले, खाली एक चिठ्ठी चिकटवू, अख्खं पत्रक कशाला मागे घ्यायचं, विरोधक हसतील. हसू देत, मी म्हटलं. आमची चूक लपवायची आणि दुसऱ्यांच्या चुकांवर मोर्चे काढायचे, हा धंदा मला नको. आणि धंद्यावरून आठवलं. औषधांच्या दुकानात हल्ली 'चांगल्या जंतूं'च्या पुड्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. वर हसऱ्या मुलाचं चित्र. कुणाच्या घरात बायसारखं मूल आहे का, हे कुणी विचारत नाही. ते लोक विकतात. मी फुकट वाटलं, एवढाच काय तो फरक.

काकीने तिच्याकडचा उरलेला गठ्ठा माझ्या अंगावर टाकला. ती इस्पितळात येऊन काचेच्या दारापलीकडून बायला बघून गेली होती, आणि तेव्हापासून तिने आपल्या घरचं ताकही तोंडाला लावलं नव्हतं, हे मला तिच्या सुनेने सांगितलं.

"कागद न्हेतंस तो न्हे," काकी म्हणाली. "आमी आडाणी नाय गो. आमकां पुरा सांगलंस आसता तर पुरा केला आसता. तू अर्धा सांगलंस, आमी अर्धा पुरा केला. आता म्हणतंस, काकीन पोरीक मारल्यान आसता."

"मी असा खंय म्हटलंय?"

"मग म्हणाक व्हया होता. भांडाक तरी येता होता."

बाय घरी आली. दादाच्या पेशी तिच्या हाडांत टिकल्या होत्या, पण पोट हटून बसलं होतं. पुन्हा एवढी अँटिबायोटिक गेली होती, जी काही थोडी वस्ती परत बसली असेल तीही उठली असणार. आणखी आजार आला की आणखी औषधं, आणखी औषधं की आणखी उजाड पोट. या फेऱ्यातून ती बाहेर येते की नाही, घरात सगळ्यांचा जीव तिथे अडकला होता. वयनी माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पण बोलणं दादातर्फे. सांगा तिका, न्हाणीत पाणी काढलंय.

सहा-सात आठवडे असे गेले. शेवटचे चाळीसेक कागद तेरेखोलच्या बाजूला गेले होते, ते आणायला मी फेरीबोटीतून पलीकडे जात होते. पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अवघडून उभी होते तोच फोन वाजला. वयनीचा. ताप, दुसरं काय असणार?

"काय झाला?" मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. "वयनी, काय झाला?"

"घट्ट!" ती त्याहून मोठ्याने ओरडली. "आज घट्ट झाला! काल पण, आज पण! दोन दीस एक-एक फावटीच!"

शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली. दिवसाला दहा जुलाब होते, ते आता एकदाच आणि घट्ट! मी कठडा धरून फोन कानाला आणखी दाबला.

"ऐकतंस मां? तुका सांगूक फोन करूक नाय हां मी. ह्यांचो लागना म्हणान केलंय. ह्यांका सांग. आणि तू सांजचा इलंस काय पयली आंघोळ कर, मगे तिच्या खाटीर बस. कालच्यासारखी दारातसून धावत येव नको. आणि खोकलो आसा तर येवच नको."

"नाय खोकलो."

"बरा," म्हणाली आणि फोन ठेवला. मी दादाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.